तलम थर, निळे पाणी

माघातली सकाळ टेकडीवर उतरली ती धुक्याची शुभ्र, धूसर, संथ ओढणी घेऊन. सूर्य होता, पण मळक्या काचेमागे ठेवलेल्या दिव्यासारखा, निस्तेज, निरुत्तर.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर विभावरी अहिरराव एका काचपात्राजवळ उभी होती. पात्रात निळ्या रंगाचे पाणी, आणि पाण्यात तिने सजवलेली काच. तीन वर्षे तिने तप्त काचेवर टायटॅनियमच्या द्रावणाचे तुषार फवारले होते. थरावर थर, थरावर थर. केसाच्या शतांशाहून तलम, मयूरकंठी झाकेचे एक पटल. ऊन पडले की ते पटल जागे होई, पाण्यातला रंग कणाकणाने खाऊन टाकी.

पण ऊन नव्हते. अकराला प्रयोग पाहायला पाहुणे येणार होते, आणि पाणी निळेच होते.

तिचे मार्गदर्शक डॉ. पुरंदर खासनीस आले. सुगंधलिप्त, सुवर्णचष्मांकित, घाईत. त्यांनी ते पात्र कोपऱ्यात आडोशाला सारले, दुसऱ्यात नळाचे पाणी भरले, त्यात एक कोरी काच सोडली. पाहुण्यांना रंग गेलेला दिसला म्हणजे झाले, असे त्यांनी तिला समजावले.

विभावरी पाहत राहिली. त्यांच्या बोटांवरून पाणी ओघळत होते. रागावायलाही समोर कुणी मोठे लागते. तिला आली ती केवळ किळस. थंड, नितळ, धारदार.

पाहुणे आले. माना डोलल्या. त्यांतल्या एका वृद्ध शास्त्रज्ञ बाईंनी विचारले, रंग जायला किती वेळ लागला? दोन तास, असे खासनीस सांगतच होते.

"हे नळाचं पाणी आहे, मॅडम," विभावरी म्हणाली. "माझं अजून निळं आहे."

खासनीस हसले. ते हसू त्यांच्या ओठांवर शिळ्या सायीसारखे धरून राहिले. पाहुणे जिना उतरल्यावर त्यांनी हलक्या आवाजात बजावले, की प्रबंधावर त्यांची सही आता विसरावी.

"नकोच, सर. तुमच्या सहीचा डाग कुठल्याच उन्हानं जायचा नाही."

दुपारी धुके विरले. ऊन आले, पीतवर्ण, प्रखर, विपुल. तिने आपले पात्र कठड्यावर ठेवले. खाली खासनीस गाडीत बसत होते. हाक मारून दाखवावे, इतकेही ते तिच्या लेखी उरले नव्हते.

निळे फिके झाले. फिक्याचे आभाळी झाले. आभाळीचे नुसते पाणी झाले. आणि त्या पाण्यातून पलीकडचा, टेकडीवरचा काळा, खडबडीत दगड दिसू लागला, स्वच्छ, स्पष्ट, शांत.