अटलांटिकवरचे सात पूल

कॅन्ससमधल्या आमच्या भूशास्त्र विभागात मी वीस वर्षं नकाशे काढले आणि त्या काळात अटलांटिकवर सात पूल बांधले. हुकूम प्रोफेसर डेनम यांचा. गोड्या पाण्यातल्या हातभर लांब, मगरीसारख्या एका प्राण्याचे जीवाश्म ब्राझीलमध्ये सापडले, तसेच आफ्रिकेतही. एवढासा जीव समुद्र पोहणार कसा? तर जमिनीच्या पुलावरून चालत गेला. मग पूल कुठे आहे? बुडाला. म्हणजे मी पूल काढायचा आणि प्राणी पलीकडे पोचला की खोडायचा. खंडच सरकले असं म्हणणाऱ्याला मात्र आमच्याकडे कोणी कॉफीलाही विचारत नसे.

१९६४ साली लॉर्ना हॅस्केट या विद्यार्थिनीनं प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणासाठी माझ्याकडून एक नकाशा काढून घेतला. जहाजांनी समुद्रतळाच्या खडकांचं चुंबकत्व मोजलं होतं. तळावरच्या डोंगररांगेच्या डावीकडे चुंबकत्वाचे जसे पट्टे, हुबेहूब तसेच उजवीकडे. तळ मधोमध फाटतोय, नवा खडक वर येतोय आणि खंड लांब जातायत, असं तिचं म्हणणं. पट्टे रंगवता रंगवता मला माझ्या सातही पुलांची लाज वाटली.

डेनमसरांनी प्रकरण वाचलं आणि चष्मा पुसला.

"पोरी, डॉक्टरेट हवीय ना? मग हे प्रकरण काढून टाक."

"सर, पुरावा समोर आहे."

"असेल. पण आपल्याकडे हे चालत नाही."

पाच वर्षांची मेहनत पणाला लागली होती. तिनं प्रकरण काढलं. पानं मीच सोडवून दिली. तेव्हा मी बोलायला हवं होतं, पण गप्प बसलो.

चार वर्षांत वारं फिरलं. जगभर खंड सरकू लागले, तसे डेनमसरही सरकले. आपल्याला हे पहिल्यापासून वाटत होतं, असं ते जेवताना सांगू लागले. कोणी हसलं नाही, कारण आता सगळ्यांनाच ते पहिल्यापासून वाटत होतं. या विषयासाठी विभागात नवी जागा निघाली. लॉर्ना तेव्हा एका शाळेत विज्ञान शिकवत होती. तिनं अर्ज केला आणि सोबत प्रबंध जोडला.

सरांनी तो माझ्यासमोरच शेवटच्या पानापर्यंत चाळला.

"काय रे ही पोर, ओटिस. खंड सरकण्याबद्दल अख्ख्या प्रबंधात एक ओळ नाही. माणसात थोडी हिंमत नको?"

"ते प्रकरण तुम्हीच काढायला लावलंत, सर," मी एकदाचा बोललो.

सरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि अर्ज बाजूला सारला.

"मग तिनं काढायचं कशाला?"