चंद्रीच्या जबड्याखालची गाठ

त्या श्रावणात आमच्या फोपनार गावात बकऱ्यांना देवी आली. ओठांवर, कासेवर, शेपटीखाली मुगाएवढे फोड, अंगात ताप, चारा बंद. आठ बकऱ्या गेल्या. मग लोटू भगताच्या अंगात मरीमाय आली नि बोलली, "जिला मी खूण केली, ती शिवेबाहेर द्या." गावानं खूण शोधली. माझ्या चंद्रीच्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती.

मंगळवारी दुपारी लोटू, माझे जेठ, म्हणजे थोरले दीर सुकलाल, आणि एक ढोलवाला अंगणात आले. चंद्रीला चांदणी गावाकडच्या जंगलात सोडायची, म्हणजे बिबट्याला द्यायची. आमचे हे शहरात, शनवाऱ्याच्या बाजाराला गेलेले.

मी तुळशीपुढे वाती वळत होते. श्रावणात रोज एकशेआठ वळल्याशिवाय पाणी घेत नाही. उरलेल्या सात वळल्या, टोपली घेऊन उठले, पदर पुढे ओढला आणि खुंट्याकडे पाठ करून चंद्रीपुढे उभी राहिले.

जेठांशी मी आजवर तोंडावर बोलले नव्हते. रीतच तशी. म्हणून कुंपणापलीकडच्या सोजरबाईला म्हणाले, "सांगा जेठांना. देवीचे फोड पुष्कळ असतात, ही एकच गाठ आहे. ताप नाही, रवंथ चालू आहे. वरचे केस गळलेत, मधोमध मऊ पडलीय. हे गळू आहे. चार दिवस जवसाचं गरम पोटीस बांधून मीच पिकवलंय."

"बाई वैद्य झाली!" लोटू हसला.

"तुझ्या मंत्रानं आठ मेल्या ना रे?" सोजरबाई म्हणाली आणि कुंपण ओलांडून आत आली.

"गोदा, बाजूला हो," जेठ गरजले.

मी हलले नाही. धाकट्या भावाच्या बायकोला त्यांचा हात लागता कामा नये; परक्या लोटूचा, ढोलवाल्याचा तर नाहीच. त्यांनी दोराकडे दोनदा हात नेला, दोनदा मागे घेतला. आयुष्यभर त्या रितीनं माझं तोंड बंद केलं होतं. आज तिनंच त्यांचे हात बांधले.

वस्तरा चुलीवर उकळून ठेवलेलाच होता. सोजरबाईनं चंद्रीला मांडीखाली दाबलं. गाठीच्या खालच्या अंगाला मी पेरभर छेद दिला. वर दिला तर पू आतच साचतो. चंद्री किंचाळली. घट्ट पिवळा पू मी खापरात धरला. थेंबही खाली पडू दिला नाही, दुसऱ्या बकरीला त्याची लागण होते. शेवटी बाभळीचा काटा निघाला.

"ही घ्या खूण," सोजरबाई म्हणाली.

"काटासुद्धा मायनंच टोचला," लोटू म्हणाला.

"मग काढून घेणारीही तीच," सोजरबाईनं सुनावलं.

कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुतली. तोंड लगेच मिटलं तर आत पुन्हा पिकतं, म्हणून टोपलीतली एक वात हळद-तेलात बुडवून आत सारली.

"देवाची वात! त्या घाणीत!" जेठ ओरडले.

"सांगा त्यांना, एक कमी पडली. वळीन, मगच पाणी पिईन."

लोटूचा आवाज चढला. "बकरी दिली नाहीस तर शुक्रवारी तुझी ओटी माय घेणार नाही. मी देवळाच्या दारात बसतो बघ!"

मला मोठ्यानं बोलता येत नाही. हळूच म्हणाले, "तिलाच विचारीन. माझं तिच्याशी रोज बोलणं असतं, तुमचं मंगळवारी, अंगात आली तरच."

ढोलवाल्याला हसू फुटलं. जेठ आधी अंगणाबाहेर पडले. ती मंडळी शिवेवर नारळ फोडून घरी गेली.

खापरातला पू मी खोल पुरला. चंद्रीला कळपापासून वेगळी बांधली, रोज धुऊन वात बदलत राहिले. तिसऱ्या दिवशी जखम आतून लाल भरायला लागली.

शुक्रवारी ओटी घेऊन मरीमायच्या देवळात गेले. लोटू खरंच उंबऱ्यावर पाय पसरून बसला होता. आजूबाजूच्या बाया थबकल्या.

"हात धुतले का?" त्यानं विचारलं.

"नखंसुद्धा," मी म्हणाले, आणि तशीच उभी राहिले. ऊन चढलं. बाया माझ्यामागे येऊन थांबू लागल्या, रांग पिंपळापर्यंत गेली. तेव्हा कुठे त्यानं पाय आवरले.