कच्चा वानवळा

पिंगळीला राहायला येऊन मला वर्ष होत आलं होतं, आणि शेजारच्या मालनबाई मला मैत्रीण मानतात की नाही हे काही केल्या कळत नव्हतं. परभणीच्या एका शाळेत मी तीस वर्षं क्लार्क होते. कुणाचं काम कुठं अडलंय हे मी फाईल न उघडता सांगायची. आणि इथं एका बाईच्या मनाचा थांग लागेना म्हणजे काय? माझी नुसती चिडचिड व्हायची. आमचे हे, परमेश्वरराव, म्हणायचे की राग नेमका कुणावर आहे ते तरी ठरव. तेही ठरत नव्हतं.

मालनबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहतात. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत. पलीकडे त्यांची बाग: शेवगा, लिंबू, पपई, वेलांचा मांडव, कडेनं मोगरा. अलीकडे माझं परस, म्हणजे विटांचे तुकडे आणि मीच लावून मीच वाळवलेला कढीपत्ता.

मला नाद होता तो भाजायचा. निवृत्तीला आमच्या लेकीनं, अर्पितानं, ओव्हन घेऊन दिला होता. आषाढात पहिला केक केला. अर्ध्यात लाईट गेली आणि केक मधोमध बसला. कडेचे बरे तुकडे स्टीलच्या डब्यात भरून भिंतीवरून मालनबाईंना दिले. भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत त्यांनीही पाळली. दुसऱ्या दिवशी डबा आला तो कोवळ्या दोडक्यांनी भरून. मला इतका आनंद झाला की मी लगेच पुढच्या डब्याच्या तयारीला लागले.

मग ते सुरूच झालं. श्रावणात मी नानकटाई दिली, अंबाडीची भाजी आली. दिवाळीआधी ज्वारीच्या पिठाची बिस्किटं दिली, सीताफळं आली. थंडीत गाजराचा केक गेला, वालाच्या शेंगा आल्या. कढीपत्त्याला रोज पाणी घालून मारू नका मॅडम, अधूनमधून ताक घाला, हेही त्यांनीच सांगितलं. दुसरं रोप आणलं आणि ते चक्क जगलं. पण सगळं भिंतीवरूनच. घरात या म्हटलं की त्यांना नेमकं काहीतरी काम निघायचं.

पौषात कधीतरी माझ्या ध्यानात आलं की डब्यात नेहमी कच्चंच येतं. एकदा त्यांच्याकडं पाहुणे होते, पुरणाचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला, आणि डब्यात पेरू. माझा केक त्यांना आवडत नसेल का? की माझं नको असताना घ्यावं लागतं म्हणून त्या झाडावरचं काहीतरी तोडून मोकळ्या होतात? ह्यांना विचारलं तर म्हणाले, पेरू गोड आहेत, खा.

शेवटी मीच निर्लज्ज झाले. भिंतीशी उभी राहून म्हणाले, मालनबाई, तुमच्या चुलीवरच्या भाकरीचा वास आला की जीव जातो माझा. त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी डबा आला, त्यात ज्वारीचं पीठ. मी भाकरीचं म्हणाले आणि बाईनं पीठ पाठवलं! त्या पिठाकडं बघत मी किती वेळ बसले असेन. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

वैशाख अर्धा सरला तेव्हा सहन होईना. शेवग्याच्या शेंगा घेताना मी सरळ विचारलं, "मालनबाई, माझं काही चुकलं का?"

त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली.

"तुमी आल्या त्या दिवशी मी पिठलं-भाकर घिऊन आले होते. नवं बिऱ्हाड, चूल कधी पेटायची, म्हणून. तुमी ताट घेतलं अन् म्हणल्या, उपवास हाय. आमी लहानपणापासून ऐकायलोत की हा उपवास. तुमचा राग न्हाई मला. तवापासून कच्चं देते. कच्च्याला कुणाचा उपवास आड येत न्हाई."

मी घरात धावत आले. गेल्या वर्षीचं कॅलेंडर माळ्यावरून काढलं. ज्या दिवशी सामान आलं तिथं माझ्याच हातची खूण होती, आणि खाली छापलेली संकष्टी चतुर्थी. खरंच उपवास होता! मी खोटं बोलले नव्हते. कॅलेंडर काखेत मारून निघाले, पण दाराशी पाय अडला. ती पिठलं-भाकर गेली कुठं?

ह्यांना विचारलं. ह्यांना सगळं आठवत होतं.

"हमालांना दिली, तिथंच भिंतीशी बसून खाल्ली त्यांनी. तूच म्हणालीस."

"आणि आपण काय जेवलो?"

"चंद्र उगवल्यावर ढाब्यावरून पोळी-भाजी मागवली. तेही तूच म्हणालीस. मी काय, तू वाढशील ते खाणार."

ढाब्यावर कुणी रांधलं होतं हे आम्ही विचारलं नव्हतं. मग ही भाकरी का ठेवली नाही? धांदलीत सुचलं नसेल. हमाल भुकेले असतील. की वालूरला आमच्या आईच्या घरी काही माणसांची कपबशी वेगळी, गोठ्याच्या वळचणीला असायची, ते वळण अजून माझ्या हातात होतं? मला आठवेना. खोटं बोलले असते तर निदान नक्की कळलं तरी असतं. कॅलेंडर मी परत माळ्यावर टाकलं, पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं. चार दिवस भिंतीकडं फिरकले नाही.

पाचव्या दिवशी शेंगांचा डबा घासला, पुसला आणि पहिल्यांदाच भिंत सोडून रस्त्यानं मालनबाईंच्या दारात गेले. त्यांनी डबा हातात घेतला. हलका लागला तसं झाकण उघडून बघितलं.

"रिकामा आणलाय," मी म्हणाले. "शिजवलेलं काहीतरी द्या. इथंच खाते."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

"आज चतुर्थी हाय, मॅडम."

चार दिवस मी गेल्या वर्षीचंच कॅलेंडर बघत होते. माझा उपवास माझ्याआधी त्यांना ठाऊक होता. लग्नाआधीपासून मी एकही संकष्टी मोडलेली नाही. क्षणभर वाटलं, चंद्रोदयानंतर येते म्हणावं, ते खोटंही नव्हतं. पण हेच खरं मी एकदा बोलून बसले होते.

"असू द्या," मी म्हणाले. "वाढा."

त्यांनी पाट मांडला. पिठलं होतं, भाकरी गरम होती. मी खाल्लं. त्या समोर उभ्या राहून बघत होत्या, बसल्या नाहीत. पिठल्यात मीठ जरा जास्त होतं आणि मला ते सांगावंसं वाटलं, मैत्रिणीला सांगतात तसं. सांगितलं नाही.

निघताना डबा हातात दिला. घरी येऊन उघडला. वर फडक्यात गुंडाळलेली एक भाकरी, ह्यांच्यासाठी. खाली चार लिंबं. लिंबं सवयीनं घातली होती, की भाकरी परत हमालांना गेली तर निदान ती तरी राहतील म्हणून, मला अजून कळलेलं नाही.