विचारल्याशिवाय घेतलेला आवाज

बर्था गेली त्याला चार वर्षं झाली. आमच्या गिरीज गावच्या लग्नांत आम्ही दोघींनी अडतीस वर्षं गाणी म्हटली. मी ओळ सुरू करायची, तिने ती झेलायची. विहिरीवर पाय घसरून तिचा पुढचा दात तुटला होता, तेव्हापासून तिच्या प्रत्येक 'स'मधून शीळ यायची. बाया हसल्या की म्हणायची, "हसा गो, फुकटची शीळ कुठे मिळते?"

पण एक नेम आम्ही कधी मोडला नाही. लग्नघरी पाणी भरायच्या गाण्यात घरातल्या माणसांची नावं घ्यावी लागतात. आदल्या दिवशी आम्ही नवरीच्या आईपुढे बसून विचारायचो, कुणाचं नाव घेऊ, कुणाचं नको. कुठे भाऊ नुकताच गेलेला असे, कुठे जावेशी बोलणं तुटलेलं असे. नको म्हटलं की नको. न विचारता आमच्या तोंडून कधी कुणाचं नाव निघालं नाही.

यंदा एआय म्हणतात त्या यंत्राच्या बुद्धीमुळे कलावंतांचं काय होतंय ते तपासायला आमदारांची समिती वसईत आली. माझ्या नातीने, अमिषाने, माझं नाव पाठवलं. मला तीन मिनिटं मिळाली. मागणं एकच होतं: गाणारीला विचारल्याशिवाय तिचा आवाज कुणी घेऊ नये, ती हयात नसेल तर तिच्या घरच्यांना विचारावं, आणि हे कायद्यात यावं.

साहेब लोक खुर्च्यांवर बसले, त्यांना गुलाब दिले गेले आणि स्पीकरवर गाणं लागलं.

"पानी भराया कोन कोन आलं,
समितीचं साहेब कळशी घेऊन आलं…"

आवाज माझा होता. आणि मागून ओळ झेलत होती बर्था! 'समिती'त शीळ, 'साहेब'मध्ये शीळ. माझं डोकं तापलं.

कार्यक्रमाची व्यवस्था बघणारा चंद्रहास हसत जवळ आला. "आजी, कसं वाटलं? ॲपवर केलं, दोन मिनिटांत. 'वसईचं लग्न, म्हाताऱ्या बायका' एवढंच टाकलं."

"लोकांनी लग्नांचे व्हिडिओ टाकलेत ना, त्यातूनच उचललं असणार," अमिषा माझ्या कानात म्हणाली.

"कुणाला विचारलंस?" मी चंद्रहासला म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? लोकगीत आहे, सगळ्यांचंच की."

"गाणं सगळ्यांचं असेल रे बाबा. तुटका दात बर्थाचा होता!"

माझी पाळी आली तेव्हा मी तेच सगळं समितीला सांगितलं. अध्यक्षांनी कागद चाळला.

"गाण्याचे लेखक कोण? हक्क कुणाच्या नावावर आहे?"

"लेखक नाही, साहेब. मी गाण्याचं सांगत नाहीये. आवाजाचं सांगतेय. आता तुम्ही ज्याला टाळ्या वाजवल्यात, तो मेलेल्या बाईचा आवाज होता."

अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, मावशी. नोंद घेतली."

"काय घेतली? वाचा बघू."

टिपण घेणारी ऋतिका लॅपटॉपकडे बघून चाचरली. "'स्थानिक ज्येष्ठ कलावंत श्रीमती लुईझा यांनी समितीचे आभार मानले व स्वागतगीताबद्दल आनंद व्यक्त केला.'"

"आनंद? कधी व्यक्त केला मी?"

"ते… कालच टाइप करून ठेवलं होतं, मावशी."

म्हणजे मी गिरीजहून निघायच्या आधीच माझं बोलणं होऊन गेलं होतं. यंत्राला तरी काय नावं ठेवायची! मी खुर्ची पुढे ओढली आणि हात टेबलावर ठेवले.

"वेळ संपला, मावशी," अध्यक्ष म्हणाले.

"तुमचा संपला असेल. ते खोडा, नाहीतर मी इथून उठत नाही. पुढच्यांना माझ्या मांडीवर बसवा."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षांनी कपाळ चोळलं. "लिहा त्या सांगतील तसं."

मी सांगत गेले, ऋतिका लिहीत गेली. मध्येच थांबून तिने मान वर केली. "मावशी, बर्थाबाईंचं नाव घालू का?"

सकाळपासून त्या सभागृहात कुणीतरी पहिल्यांदा काही विचारलं होतं. हो म्हणणार होते, पण शब्द ओठांवरच थांबला. ते नाव द्यायचा हक्क माझा कुठे होता?

"थांब जरा," मी म्हटलं. "अमिषा, मर्सीला फोन लाव. बर्थाची मुलगी आहे, साहेब. तिला विचारते."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. पाहू देत. पलीकडे घंटी वाजत होती.