रेडिएटरमधले बुडबुडे

आमच्या ट्रकच्या रेडिएटरमधून डिझेलचा वास आला, त्या दिवसापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि रबरी पाइप भिजवलेल्या खारकेसारखे फुगले होते.

ट्रक माझी सून अंकिता चालवते. मुलगा पृथ्वीराज लष्करात आहे. आमचे मालक हंबीरराव, म्हणजे त्याचे दादा, लष्करातूनच ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, त्यांनीच तिला शिकवलं. इस्लामपूरच्या बाजूला ऊस वाहायचा म्हणजे येड्यागबाळ्याचं काम नव्हे. पृथ्वीराज आधी तयार नव्हता. शेवटी हो म्हणाला ते एका बोलीवर, की चूक झाली तर ट्रकवर पगारी ड्रायव्हर बसवायचा. आणि स्टिअरिंग हातात आल्यावर अंकिताच्या तोंडावर जो आनंद दिसतो, तो मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

संशयाला जागाही होती. कारखान्याच्या रांगेत पाणी कमी दिसलं म्हणून तिनं रेडिएटरमध्ये ओतलं होतं. केबिनमध्ये गोडेतेलाचे दोन जुने कॅन असतात, एकात पाणी, एकात डिझेल. तेवढ्यात रांग पुढं सरकली, मागचे बोंबलायला लागले आणि हिनं हाताला लागला तो कॅन उचलला.

"आत्ती, माज्याच हातनं झालं असंल," ती म्हणाली. "कुठला कॅन घेतला, आठवतच न्हाई."

मालक चकार शब्द बोलले नाहीत. माणूस शिव्या देतो ते परवडतं, गप्प बसला की माझं डोकं फिरतं.

"आवं, पोरीला काय तरी बोला की! मिठाची गुळणी धरलीया का?"

ते उठून गोठ्याकडे गेले. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की रात्री मी त्यांना भाकरी वाढली ती सुद्धा आपटून.

ट्रक ओढत सांगलीला सम्मेदच्या गॅरेजवर नेला, मालक, अंकिता आणि मी तिघंही बरोबर गेलो. सम्मेदनं बोट बुडवून वास घेतला.

"काकी, दोनच गोष्टी असत्यात. एक, वरनं कुणीतरी डिझेल ओतलंय. तसं असंल तर धुवायचं, पाइप बदलायचे, झालं काम. न्हाईतर इंजिन आतनं फुटलंय. इंजेक्टर तांब्याच्या स्लीव्हमध्ये बसतो. आतल्या अंगाला डिझेल, भायेर पाणी. ती चिरली की दोनी एक झाली."

कुणीही शहाणा माणूस पहिलीच गोष्ट मागेल. मी मात्र मनातल्या मनात देवाला सांगत होते, इंजिन फुटलेलं असू दे. खर्चाचं पुढं बघू.

सम्मेदनं सगळं पाणी काढून साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतलं, नवं पाणी भरलं आणि इंजिन चालवलं. थोड्या वेळानं तवंग पुन्हा आला. अंकिता जरा उजळली, पण सम्मेदनं मान हलवली.

"पाइपात मुरलेलं डिझेल बी असं वर येतं. पक्कं सांगता येत न्हाई."

सम्मेद जैन, त्याला दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं. घरून दोनदा फोन आला. तरी तो म्हणाला, "एवढं बघतो आन् मगच उठतो."

इंजिन गार झाल्यावर त्यानं डिझेलच्या वाटेत कॉम्प्रेसरची थोडी हवा सोडली आणि आम्हाला रेडिएटरमध्ये बघायला सांगितलं. कुठं चीर असेल तर हवा पाण्यात येणार. आम्ही तिघं डोकी एकत्र करून बघत राहिलो. पाणी ढिम्म हलेना. अंकितानं माझं मनगट इतकं आवळलं की बांगड्या रुतल्या. मग एक बुडबुडा वर आला. पाठोपाठ दुसरा. मग आधण आल्यासारखं पाणी खदखदायला लागलं.

"फुटलंय! आतनं फुटलंय!" मालक ओरडले आणि चक्क टाळ्या वाजवायला लागले. शेजारचे गॅरेजवाले धावत आले. इंजिन फुटलं म्हणून नाचणारा मालक त्यांनी कधी पाहिला नसणार.

सम्मेदनं जेवून येऊन एकेक इंजेक्टर काढला. तिसऱ्याच्या स्लीव्हला केसाएवढी चीर होती.

"वहिनी, तुमचा काय बी संबंध न्हाई."

अंकिता ट्रकच्या पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. मीही रडले. छातीवरचा धोंडा उतरला होता.

नवी स्लीव्ह, नवे पाइप, पुन्हा धुणं, सगळं होऊन ट्रक मिळाला तेव्हा पाण्यावर तवंगाचा ठिपका नव्हता. घरी येताना अंकिताच चालवत होती. वाटेत पृथ्वीराजचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"आये, गाडी झाली का?"

"झाली रं, एकदम झ्याक!"

"मग आता दादांस्नी बोलू नगंस. वय झालंय त्यांचं. डिझेल माज्याच हातनं ओतलं गेलं, असं त्यांनी मला पयल्याच दिवशी सांगितलं."

मालक खिडकीबाहेर बघत होते. अंकितानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आले होते.

"पुढं बघ, पोरी," ते म्हणाले. "गाडी चालवताना मान वळवायची न्हाई, हे किती येळा शिकवायचं?"