शनिवारचा खुनी

शनिवारी दुपारची जेवणं आटोपली की त्या घरात एक खून व्हायचा. नवरा-बायकोला परमुलुखात येऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्यातली सहा वर्षं हा नेम मोडला नव्हता. टीव्हीवर ब्रिटिश मालिका, तिच्यात एखादं शांत खेडं, चहाच्या किटल्या आणि एक प्रेत. आठवड्याला एकच भाग, तोही दोघांनी मिळून. पुढचा चोरून बघायचा नाही, अशी शपथच होती. शेवटची दहा मिनिटं उरली की टीव्ही थांबवून दोघांनी खुनी कोण ते सांगायचं.

नवऱ्याचा अंदाज कधी चुकत नसे. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा, आणि माणूस आपल्याला डोळ्यांत दिसतो म्हणायचा. बायको कौतुकाने त्याला फौजदार म्हणे. ती स्वतः कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करायची. एका भागात ती म्हणाली होती, पाद्र्याच्या अंगावरचा कोट त्याचा नाही, बाह्या उसवून लांब केल्यात. फौजदार पोट धरून हसला, तिला माळ्याचं नाव घ्यायला लावलं आणि स्वतः पाद्र्याचं घेतलं. खुनी पाद्रीच निघाला. आपल्याला माणसं कळत नाहीत, हे तिने तेव्हापासून मान्यच करून टाकलं.

म्हणूनच मालकीणबाईंनी दुकान तूच चालवायला घे म्हटलं, तेव्हा तिने फौजदाराला विचारलं. त्याने बाईंना एकदाच पाहिलं होतं. डोळ्यांत लबाडी आहे म्हणाला. तिने मुकाट्याने नकार कळवला. सोमवारपर्यंत पुन्हा विचार कर, एवढंच मालकीणबाई म्हणाल्या.

टीव्ही नेहमी तोच लावायचा. आज तो भांडी घासत होता म्हणून तिने लावला. आजच्या भागाखालची, किती पाहून झालं ते दाखवणारी लाल रेघ पार टोकापर्यंत गेलेली. पुढच्या तीन भागांखालीही तेच. आधी तिला वाटलं, टीव्हीच बिघडलाय. मग तिने पाहिलेल्या भागांची यादी उघडली. गुरुवार, एक वाजून दहा मिनिटं, म्हणजे त्याची जेवणाची सुट्टी. मागचा गुरुवार. त्याच्या मागचा. यादी संपता संपेना.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. मेल्या त्या खुन्याचं तिला काही नव्हतं. सहा वर्षं हा माणूस तिला मठ्ठ ठरवत होता आणि तीही मान डोलावत होती, याची तिला चीड आली. त्याची आली, आणि स्वतःचीही.

तो हात पुसत आला. पडद्यावरची यादी पाहून ओशाळला, मग म्हणाला, गंमत होती, एवढं काय मनावर घ्यायचं. तिने फोन उचलून मालकीणबाईंना सांगितलं, दुकान मी घेते.

"अगं, फसवेल ती बाई तुला," तो घाईघाईने म्हणाला. "मला स्पष्ट दिसतंय."

"हा भाग कधी पाहिलात तुम्ही?" तिने विचारलं.