बोटीवरची दुसरी तपासणी

माझ्या नवऱ्याला, अल्लालला, कुणाला नाही म्हणता येत नाही. साथीच्या दिवसांत आमच्या दोघांच्या तपासणीचे चांगले अहवाल हातात पडले तेव्हा मी त्याला बजावलं, आता बोटीवर चढेपर्यंत दाराला कडी. पण आम्ही गावी निघाल्याची बातमी तुरीनमधल्या आमच्या गल्लीत फुटली आणि जो तो बोचकं घेऊन हजर झाला. कुणाच्या आईची औषधं, कुणाच्या भाचीचे बूट. निरोप म्हणून प्रत्येकाने अल्लालच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि हा शहाणा मास्क हनुवटीखाली ओढून गाल पुढे करत होता. नाहीतर लोक काय म्हणतील, म्हणे.

मला लोकांची पर्वा नव्हती. तिकडे बा अंथरुणाला खिळला होता. धाकटी बहीण यामना फोनवर म्हणाली होती, दिवस थोडे आहेत, रोज तुझंच नाव घेतो. दीड वर्ष मी त्याला भेटले नव्हते. एकदा त्याचा हात हातात घ्यायचा होता, बस्स.

जेनोआच्या धक्क्यापर्यंत गाडीत मी अल्लालवर तोंडाचा पट्टा सोडला होता. बोटीवर चढल्यावर त्याला सांगितलं, तुझ्या खोलीत मी झोपणार नाही, आणि दोन्ही रात्री बायकांच्या दालनात खुर्चीवर काढल्या. एकमेकांशी अवाक्षर नाही.

चढण्याआधी एक तपासणी आणि भर समुद्रात दुसरी, असा तेव्हाचा नियम होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या नाकात पुन्हा काडी गेली. शेवटच्या सकाळी आमच्या मुलखाचे, तांजियरचे डोंगर दिसायला लागले आणि कर्ण्यावर अल्लालचं नाव पुकारलं. मी धावत खाली गेले. तो दोरीपलीकडे एकटा उभा होता, अधिकारी पाच पावलं लांब. बाधित निघाला होता. उतरल्याबरोबर त्याला आणि त्याच्यासोबत असेल त्याला दहा दिवस हॉटेलात कोंडणार होते.

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "ही बाई तुमच्याबरोबर आहे?"

दहा दिवस. बाच्या हाती तेवढे नव्हते.

"नाही," अल्लाल म्हणाला. "मी नाही ओळखत हिला."

अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट चाळला. आमच्यात लग्नानंतरही बाईच्या नावापुढे बापाचंच घराणं राहतं. अल्लालचा त्यावर मागमूस नव्हता. खोली वेगळी, अहवाल चांगला. जा म्हणाला. तीस वर्षं मी या माणसावर तोंड टाकत आले आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे गप्प राहिले. मला लाज वाटली, आणि तरी मी उतरले. अल्लालने वळूनही पाहिलं नाही.

गाडी, बोचकी त्याच्याकडेच राहिली. दोन मास्क चढवून बसने निघाले, वाटेत यामनाला फोनवर सगळं सांगितलं. संध्याकाळी घर आलं आणि उंबऱ्याशी पाय अडला. ज्या गाडीत मी भांडले होते तिच्या काचा बंद होत्या. माझा अहवाल चांगला होता, पण पहिल्या खेपेला अल्लालचाही चांगलाच होता.

मी अंगणातच थांबले. बाचा पलंग खिडकीला लागून होता. दोन वर्षांपासून त्याला दिसत नव्हतं.

"बा, मी आले," मी गजांपाशी म्हणाले.

"झुलिखा? मग हात कुठाय तुझा?"

त्याचा हात वर उचलला गेला आणि हवेत मला शोधत राहिला. मी आत उभ्या यामनाकडे पाहिलं. ती न बोलता पलंगावर बसली, तो हात घेतला, त्याचं चुंबन घेतलं आणि कपाळाला लावला.

बाने तिची बोटं एकेक करून चाचपली. "अजून तशीच गार आहेत," तो म्हणाला. त्याचा चेहरा निवला. "आता सोडू नकोस."

"नाही सोडत, बा," मी खिडकीतून म्हणाले.